‘तुलाही ठेवलं होतं, काय बिघडलं?’

ताई,

मी छत्तीस वर्षांची आहे. राहायला डोंबिवलीला, नोकरी ठाण्यात. मुलगी अडीच वर्षांची. मी दोन वर्षांची असताना आई-बाबांनी मला देवगडजवळ आजोळी आजीकडे ठेवलं. दोघांच्या नोकऱ्या मुंबईत, चाळीतली एक खोली, सांभाळायला कुणी नाही. मे महिन्यात आणि गणपतीत ते यायचे. ‘पहिले चार दिवस रडली, मग रुळली. पुढे आई आली तर ओळखलंसुद्धा नाही, आजीच्या मागे लपली,’ हा किस्सा आमच्याकडे अजून हसत सांगतात. मी चार वर्षांची असताना भाऊ झाला. त्याला मात्र मुंबईतच ठेवलं. आठव्या वर्षी मला मुंबईला आणलं.

आता नवऱ्याची दोन वर्षांसाठी बंगळूरला बदली झाली आहे आणि मुलीला सांभाळणाऱ्या मावशींनी काम सोडलं आहे. आई-बाबा निवृत्तीनंतर कणकवलीजवळ बाबांच्या गावी राहतात. आई म्हणाली, ‘ठेव माझ्याकडे दोन वर्षं. तुलाही ठेवलं होतं, काय बिघडलं?’ मी फोन ठेवून दिला. तीन आठवडे तिच्याशी बोललेले नाही. नवरा म्हणतो, इतकी चांगली सोय कशाला नाकारतेस?

ताई, मला ताप आला तरी मी घरात कुणाला सांगत नाही. नवऱ्याला यायला जरा उशीर झाला की पोटात गोळा येतो. आणि लाज वाटते सांगायला, पण आई माझ्या मुलीला मांडीवर घेऊन थोपटते तेव्हा मला तिचा राग येतो. माझं काही बिघडलं आहे का? आणि मुलीला ठेवू का?

– एक वाचक, डोंबिवली

प्रिय मैत्रिणी,

आधी मुलीचं सांगते, कारण तो निर्णय लगेच घ्यायचा आहे. तिला दोन वर्षांसाठी गावी ठेवू नकोस. तुझी आई सांभाळायला कमी पडेल म्हणून मी हे सांगत नाही. अडीच वर्षांच्या मुलीला ‘आम्ही मे महिन्यात येऊ’ याचा अर्थच लागत नाही, म्हणून सांगते आहे. तिच्या लेखी आई आत्ता इथे आहे किंवा नाही, एवढंच असतं. चार महिने नाही म्हणजे गेली.

तुझ्या घरात हसत सांगितला जाणारा तो किस्सा मी दोनदा वाचला. लंडनमध्ये जेम्स रॉबर्टसन नावाचे एक समाजकार्यकर्ते होते. त्या काळी तिथल्या इस्पितळांत लहान मुलांना आईबापांशिवाय ठेवत आणि भेटायची वेळही अगदी मोजकी असे. मुलं आधी आकांत करत, मग गप्प होत. परिचारिका आणि डॉक्टर म्हणत, रुळली. रॉबर्टसन यांना ते पटेना. १९५२ मध्ये त्यांनी दोन वर्षांच्या एका मुलीच्या इस्पितळातल्या आठ दिवसांचं चित्रीकरण करून डॉक्टरांना दाखवलं. ती मुलगी फार रडत नाही. हळूहळू मिटत जाते, आणि आई भेटायला आली की लगेच तिच्याकडे झेपावतही नाही. आधी आकांत, मग निराशा आणि मग अलिप्तपणा, असे टप्पे रॉबर्टसन आणि त्यांचे सहकारी मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मांडले. डॉक्टर आधी चिडले, पण १९५९ मध्ये ब्रिटनमधल्या सरकारी समितीनं शिफारस केली की पालकांना मुलांना भेटायला मोकळीक असावी.

आजीच्या मागे लपलेली ती मुलगी आईला विसरलेली नसणार. आईकडे धावत जाऊन पुन्हा तिला एसटीत बसताना पाहण्यापेक्षा न धावणं तिला सोपं वाटलं असेल. तुमच्या घरात कुणी वाईट हेतूनं हसलं नाही, हे मला माहीत आहे. पण तो किस्सा आता थांबायला हवा. पुढच्या वेळी कुणी सांगायला लागलं तर शांतपणे म्हण, ‘हे ऐकताना मला हसू येत नाही.’

पण इस्पितळातली खाट आणि आजीचं घर यांत फार मोठा फरक आहे, आणि तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे. तुझं काही बिघडलेलं नाही. हवाईमधल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशकं घेतला. त्यातली बरीच मुलं गरिबी, आईबापांची भांडणं, व्यसनं, आजारपणं यांत वाढली. तरी त्या धोक्यातल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं सक्षम, मायाळू, आपल्या पायांवर उभी राहणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात बहुतेक वेळा एक गोष्ट सापडली. त्यांना जसं आहे तसं जवळ करणारं किमान एक मोठं माणूस होतं, आणि पुष्कळदा ते आजी-आजोबांपैकीच कुणीतरी होतं. तुझ्या पत्रात आजीबद्दल एकही तक्रार नाही. तुझ्यातली जी माया आज तुझ्या मुलीपर्यंत पोचते आहे, ती त्या घरातून आलेली आहे.

आता मला या पत्रात सगळ्यात जास्त खुपलं ते सांगते. आजोळी राहिलीस त्याबद्दल तू पाच-सहा ओळी लिहिल्यास. परतण्याबद्दल एकच छोटं वाक्य: ‘आठव्या वर्षी मला मुंबईला आणलं.’ सगळ्यांना वाटलं, पोर घरी आली. पण सहा वर्षं जिच्या कुशीत झोपलीस, ती बाई मागे राहिली होती. ओटी, खळं, शाळा, मैत्रिणी, बोलीसुद्धा मागे राहिली. चाळीतल्या एका खोलीत तुझ्यासाठी अनोळखी असलेले तीन जण होते आणि त्यांना तू आई, बाबा, भाऊ म्हणायचं होतंस. त्या दिवशी आजीसाठी रडायची परवानगी तुला कुणी दिली होती का? मला शंका आहे. उलट ‘आता तरी आईजवळ आलीस ना’ असंच ऐकलं असशील.

बोल्बींचं स्वतःचं बालपण दाईच्या हाती गेलं. ते साधारण चार वर्षांचे असताना ती घर सोडून गेली, आणि ते दुःख आई जाण्यासारखंच होतं, असं ते पुढे म्हणत. १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात त्यांनी मुलाला आईचा, किंवा कायम आईच्या जागी असणाऱ्या व्यक्तीचा उबदार आणि अखंड सहवास लागतो असं मांडलं. तुझ्या बाबतीत तो सहवास एकदा दोन वर्षांची असताना आणि एकदा आठव्या वर्षी, असा दोनदा तुटला. पहिल्या तुटण्याचा निदान किस्सा तरी झाला, दुसऱ्याची कुणी दखलच घेतली नाही. आजीसाठी तुला अजून रडायचं राहिलं असेल तर ते खुशाल रडून घे.

ताप न सांगणं, उशीर झाला की पोटात गोळा येणं, हे सगळं तिथूनच आलं असं छातीठोकपणे मी सांगणार नाही. स्वभाव असतो, घराण्याच्या सवयी असतात. पण मागितलं तरी कुणी येत नाही हे एकदा शिकलेलं मूल मागणं सोडून देतं, आणि त्या वयात ते शहाणपणाचंच असतं. आज घरात तुझ्यासाठी उठणारा माणूस आहे. पुढच्या वेळी अंग गरम लागलं तर नवऱ्याला सांग आणि त्याला पेज करायला लाव. सुरुवातीला हे फार अवघड जाईल. तरी कर.

आईचा राग येतो याची लाज वाटून घेऊ नकोस. जे थोपटणं तुला हवं होतं ते तुझ्या डोळ्यांसमोर दुसऱ्या कुणाला मिळतं आहे, भले ती तुझीच लेक असो. मुलीवर तुझं प्रेम आहे आणि ते पाहून तुला दुखतंही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आता आईबद्दल. १९९१ मध्ये मुंबईत नोकरी करणाऱ्या बाईसमोर काय होतं ते एकदा डोळ्यांपुढे आण. १९६१ च्या कायद्यानं मिळणारी बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांची. एक खोली, सामाईक नळ, नोकरी सोडली तर भाड्याचीच पंचाईत. चाकरमान्यांच्या कितीतरी घरांतून मुलं अशीच गावी गेली. देवगडला जायचं तर एसटीत रात्र काढायची. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती जानेवारी १९९८ मध्ये, म्हणजे तू परतल्यानंतर. हे सांगून मी तुझं दुःख लहान करत नाही. तिचा नाइलाज खरा होता आणि तुझी जखमही खरी आहे. एक मान्य केलं म्हणून दुसरं खोटं ठरत नाही. ‘काय बिघडलं?’ या तिच्या प्रश्नात मला उद्धटपणापेक्षा भीती जास्त ऐकू येते. पस्तीस वर्षं ती हा प्रश्न स्वतःलाच विचारत असेल आणि उत्तर ऐकायचं धैर्य तिला झालं नसेल.

म्हणून तिच्याशी बोल, पण फोनवर नको. दोन दिवसांची रजा काढून कणकवलीला जा. आरोप घेऊन जाऊ नकोस, प्रश्न घेऊन जा, आणि ते अगदी साधे असू देत. मला ठेवायचं कुणी ठरवलं? तू निघालीस तेव्हा मी जागी होते की झोपलेली? परतीच्या गाडीत तू काय केलंस? भावाला ठेवलं तेव्हा काय बदललं होतं? ती बोलत असताना मध्ये तोडू नकोस. मग तुझं एकच वाक्य सांग: ‘आजीनं मला खूप दिलं, पण तू का येत नाहीस हे मला कधी कुणी सांगितलं नाही.’ ती रडेल, किंवा ‘आम्ही काय कमी केलं तुझ्यासाठी?’ असंही म्हणेल. लगेच वाद घालू नकोस आणि उठूनही जाऊ नकोस. एका बैठकीत हे संपणार नाही.

हे बोलणं केवळ मन मोकळं करण्यासाठी नाही, त्याचा तुझ्या मुलीशीही संबंध आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मेरी मेन यांनी १९८० च्या दशकात पालकांच्या त्यांच्या स्वतःच्या बालपणाबद्दल सविस्तर मुलाखती घेतल्या. मुलाचं पालकाशी असलेलं नातं किती निर्धास्त आहे, याचा अंदाज पालकाचं बालपण सुखाचं होतं की दुःखाचं यापेक्षा तो पालक ते कसं सांगतो यावरून जास्त येतो, असं त्यांना दिसलं. जो चांगलं-वाईट दोन्ही धरून, काही न झाकता आणि त्यात वाहून न जाता आपली गोष्ट सांगू शकतो, त्याच्या मुलाचं नातं बहुधा निर्धास्त असतं. तुझं पत्र वाचून मला वाटतं, तू त्या वाटेवर बरीच पुढे आलेली आहेस.

आता सोयीचं. बदली नवऱ्याची झाली, मदतनीस मावशी गेल्या, आणि घर सोडायचं मात्र अडीच वर्षांच्या मुलीनं, हे मला मान्य नाही. नवऱ्यानं बदली पुढे ढकलायचा किंवा महिन्यातून काही दिवस डोंबिवलीतून काम करायचा प्रयत्न केला आहे का? तिघांनीच बंगळूरला जायचा विचार झाला आहे का? आईलाच उलट बोलाव. दोन-तीन महिने ती तुझ्याकडे राहिली तर तेवढ्यात मुलीला जवळच्या पाळणाघराची सवय होईल: आधी तासभर, मग अर्धा दिवस. तुझ्या कंपनीतही विचार. २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणं कायद्यानं बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायला जाता येतं. पुष्कळ ठिकाणी कुणी विचारत नाही म्हणून ही सोय होत नाही.

मुलगी सुट्टीत आजीकडे जरूर जाऊ दे. पहिले काही दिवस तू सोबत राहा. निघताना ती झोपलेली असताना गुपचूप निघू नकोस. आपल्याकडे सर्रास तसंच करतात आणि मला त्याचा मनापासून राग येतो. मूल जागं होतं तेव्हा आई नसते, आणि मग ते झोपायलाच घाबरतं. सांगून नीघ. ती रडेल, रडू दे. आणि सांगितलेल्या दिवशी परत ये.

तुझं पत्र वाचणाऱ्यांत असेही असतील ज्यांच्यापुढे पर्याय नाही. बीडकडची ऊसतोड कामगार कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला निघतात ती कित्येक महिन्यांनी परततात, आणि मागे मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. त्यांना एवढंच सांगेन: मुलाला खरं कारण सांगा, सांभाळणारं माणूस वरचेवर बदलू देऊ नका, ठरलेल्या वेळी फोन करा. परत आल्यावर मूल फटकून वागलं तर ओरडू नका. त्याचा राग निघेपर्यंत त्याच्याजवळ थांबा.

रात्री झोप उडाली, घाबरणं वाढलं, तर समुपदेशकाकडे जा. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहिला भाऊ. तो मुलगा म्हणून त्याला जवळ ठेवलं, की तोवर चाळीत मुलं सांभाळणारं कुणी भेटलं होतं, हे मला माहीत नाही. ते आईच सांगू शकेल, आणि उत्तर पहिलं निघालं तर तुला राग येण्याचा पूर्ण हक्क आहे. पण तो राग भावावर काढू नकोस. तू आलीस तेव्हा तो चार वर्षांचा होता. त्याच्या आईच्या शेजारी एके दिवशी अचानक एक मोठी मुलगी झोपायला लागली, आणि ती तुझी ताई आहे असं त्याला सांगण्यात आलं. त्याला त्यातलं काय आठवतं, हे आईशी बोलून झाल्यावर त्याला विचार.

– तुझी ताई