बेलरमधली सेमिनरी: अर्जाआधी दीक्षेचं ठरवा

प्रश्न: माझी मुलगी बीएसडब्ल्यू (समाजकार्याची पदवी) झाली आहे आणि सध्या एका संस्थेत काम करते. आम्ही सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचे. तिला पाळकीय सेवेत जायचं आहे. अमेरिकेत टेक्ससमधल्या बेलर विद्यापीठातल्या ट्रूएट सेमिनरीत एम.डिव्ह. (पाळकीय सेवेची पदवी) करायचं तिच्या मनात आहे. ही खरी विद्यापीठाची पदवी असते का? बाप्तिस्त सेमिनरीत शिकून आमच्या मंडळीत दीक्षा (पाळकपदाचा अभिषेक) मिळेल का? की तिने पुण्यातच बी.डी. ही इथली पाळकीय पदवी करावी?
– एक आई, अहिल्यानगर

ताई,

पदवीची काळजी सोडा. ट्रूएट हा बेलरचाच भाग आहे आणि पदवी बेलर विद्यापीठाची मिळते. बेलरला १८४५ मध्ये तेव्हाच्या टेक्सस प्रजासत्ताकाने सनद दिली होती. ट्रूएटचे वर्ग त्या मानाने अलीकडचे. ते १९९४ मध्ये वेको शहरातल्या फर्स्ट बाप्तिस्त चर्चच्या जागेत सुरू झाले. अमेरिका-कॅनडातल्या सेमिनरींना मान्यता देणाऱ्या एटीएस या संस्थेची मान्यताही ट्रूएटला आहे.

मुलगी पाळक होऊ पाहते आहे, म्हणून आणखी एक गोष्ट माहीत हवी. सगळे बाप्तिस्त एका मताचे नाहीत. सदर्न बाप्तिस्त कन्व्हेन्शन या अमेरिकेतल्या बाप्तिस्त मंडळ्यांच्या संघाच्या २००० सालच्या श्रद्धापत्रकात पाळकपद पुरुषांपुरतं ठेवलं आहे. वेकोपासून दीडेक तासावर, फोर्ट वर्थला असलेली साउथवेस्टर्न सेमिनरी याच कन्व्हेन्शनची. ट्रूएटमध्ये मात्र मुली पाळकपदाची तयारी करतात आणि संस्थेचा त्यांना पाठिंबा असतो. त्यामुळे नुसतं ‘बाप्तिस्त’ हे नाव वाचून होकार किंवा नकार ठरवू नका.

आता तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

सेमिनरी पदवी देते, दीक्षा देत नाही. बाप्तिस्तांमध्ये दीक्षेचा निर्णय स्थानिक मंडळी घेते, वर बिशप नसतो. सीएनआयमध्ये दीक्षा बिशप देतात आणि उमेदवार धर्मप्रांताने, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या विभागाने, पुढे करावा लागतो. म्हणजे टेक्ससच्या एखाद्या मंडळीने तिला दीक्षा दिली, तरी इथे परतल्यावर ती आपोआप धरली जाईल असं समजू नका. पुष्कळ मुलं आधी प्रवेश घेतात आणि तीन वर्षांनी बिशपांना भेटायला जातात, तेव्हा धर्मप्रांताला त्यांची ओळखही नसते. क्रम उलटा करा. अर्ज भरण्याआधी पाळकांमार्फत बिशपांची वेळ घ्या आणि दोन गोष्टी विचारा: धर्मप्रांत तिला उमेदवार म्हणून स्वीकारेल का, आणि बाहेरची एम.डिव्ह. चालेल का, की परतल्यावर वेगळा अभ्यासक्रम किंवा उमेदवारीचा काळ पुरा करावा लागेल. उत्तर पत्रावर घ्या. ट्रूएटच्या अर्जातही तिच्या मंडळीची शिफारस उपयोगी पडेल.

बाप्तिस्म्याचाही विचार आत्ताच करा. १९७० मध्ये सीएनआय झाली तेव्हा उत्तर भारतातले काही बाप्तिस्तही तिच्यात आले, म्हणून सीएनआयमध्ये बालबाप्तिस्मा आणि प्रौढपणीचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत. अमेरिकेतल्या अनेक बाप्तिस्त मंडळ्या मात्र पाण्यात बुडवून घेतलेला, स्वतःच्या विश्वासाने घेतलेला बाप्तिस्माच ग्राह्य धरतात. मुलीचा बाप्तिस्मा लहानपणी झाला असेल, तर तिथे सभासद होताना तो पुन्हा घ्यायला सांगतील. त्याला घरच्या मंडळीत काय म्हणतील, हे आधी विचारून ठेवा. सेमिनरीत शिकण्यासाठी बाप्तिस्त असावंच लागतं असं नाही. वेकोत ती इतर पंथाच्या मंडळीतही जाऊ शकते.

पण या सभासदत्वाचा व्हिसाशी संबंध येतो. शिक्षणानंतर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर १२ महिन्यांची ओपीटी, म्हणजे कामाची परवानगी, मिळते. त्यापुढे तिथल्या मंडळीत सेवा करायची तर आर-१ हा धार्मिक सेवकांचा व्हिसा लागतो, आणि त्यासाठी अर्जाच्या लगेच आधीची किमान दोन वर्षं त्याच पंथाची सभासद असल्याचा पुरावा द्यावा लागतो. शेवटच्या वर्षी नाव नोंदवलं तर ही अट पुरी होत नाही. परत यायचंच नक्की असेल तर सीएनआयचं सभासदत्व जपलेलं बरं. दोन्ही दरवाजे उघडे ठेवू म्हटलं तर बहुधा दोन्हीकडे अडतं.

विद्यापीठातल्या सेमिनरीचा खरा फायदा म्हणजे जोडपदवी. तिथे एम.डिव्ह.बरोबर बेलरच्याच गार्लंड स्कूलची एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) करता येते, साधारण चार वर्षांत. तुमच्या मुलीला मी हीच वाट सुचवेन. यात अडचण बीएसडब्ल्यूची आहे. तिथे बीएसडब्ल्यू झालेल्यांना कमी कालावधीची एमएसडब्ल्यू मिळते, पण ती पदवी सीएसडब्ल्यूई या अमेरिकन मंडळाने मान्य केलेली हवी. भारतातली पदवी त्यांच्या परदेशी पदव्यांच्या मूल्यांकनातून गेली तरच विचारात येते. ते मूल्यांकन आधी करून घ्या, नाहीतर पूर्ण एमएसडब्ल्यूच धरून चाला. शिवाय दोन शाखांचा फीचा दर सारखाच असेल असं नाही. सेमिनरीने कळवलेली शिष्यवृत्ती एमएसडब्ल्यूच्या क्रेडिटनाही लागू होते का, हे ईमेलवर विचारा.

बेलरमध्ये धर्म विषयाचा स्वतंत्र विभागही आहे आणि त्याची पीएच.डी. संशोधकांसाठी असते. प्राध्यापक व्हायचं असेल तर ती वेगळी वाट. अर्ज त्या विभागाकडे करायचा, सेमिनरीकडे नाही.

पैशाचा पुरावा आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठाकडून मिळणारा कागद, हातात येण्याआधी द्यावा लागतो. पहिल्या वर्षाची फी, राहणं, जेवण, विमा धरून विद्यापीठ जो आकडा देईल, तेवढी रक्कम हाताशी असल्याचं दाखवायचं. बचत खातं, मुदत ठेव, मंजूर कर्जाचं पत्र चालतं. शेतजमीन आणि सोनं यात धरत नाहीत. निव्वळ धर्मशास्त्राच्या पदवीला कर्ज द्यायला बँका कां-कूं करतात, तेव्हा जोडपदवीचं पत्र घेऊन शाखेत जा.

तिथे पोचल्यावरची एक चूक मात्र फार महागात पडते. एफ-१ वर आवाराबाहेर परवानगीशिवाय मोबदला घेता येत नाही. रविवारी उपदेश केल्यावर मंडळीने प्रेमाने हातात ठेवलेलं पाकीट, युवकगट सांभाळण्याच्या बदल्यात दिलेली फुकट खोली, हेही मोबदल्यात धरलं जाऊ शकतं. सेवेचा अनुभव हा एम.डिव्ह.चा भाग असतो आणि एमएसडब्ल्यूसाठी किमान ९०० तासांचं क्षेत्रकार्य लागतं. ते पगारी असेल तर आधी परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग असलेल्या कामाची परवानगी, मंजूर करून घ्यावी, आणि ती अर्धवेळ ठेवावी. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की त्या पातळीवरची ओपीटी हातची जाते.

आता पुणं. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये यवतमाळहून तिथे आली. ती धर्मशास्त्राच्या पदव्या देणाऱ्या सेरामपूरच्या सिनेटशी संलग्न आहे. सेरामपूर कॉलेजही बाप्तिस्त मिशनऱ्यांचंच, केरी, मार्शमन आणि वॉर्ड यांनी १८१८ मध्ये स्थापन केलेलं. पदव्या देण्याचा अधिकार त्याला १८२७ च्या डॅनिश सनदेने मिळाला. सेरामपूरची बी.डी. आणि अमेरिकेतली एम.डिव्ह. या दोन्ही पाळकीय सेवेच्या पहिल्या पदव्या, एम.टीएच. त्यापुढची.

बिशप म्हणाले, ‘इथेच सेवा करायची तर बी.डी. करा’, तर पुण्यातच करू द्या आणि बेलर एमएसडब्ल्यूसाठी किंवा पुढच्या पदवीसाठी ठेवा. बाहेरची एम.डिव्ह. चालेल असं पत्र मिळालं, तर जोडपदवीचा अर्ज करावा. दोन्ही शाखांच्या प्रवेश कार्यालयांना मुलीने स्वतः, एकाच ईमेलमध्ये लिहावं: फीचा दर, शिष्यवृत्तीची मर्यादा, बीएसडब्ल्यूचं मूल्यांकन आणि क्षेत्रकार्याचं वेळापत्रक. या चारही गोष्टींची उत्तरं आल्याशिवाय कुठेही अनामत भरू नका.