मुलांच्या गोष्टींचे बीज घरात कसे शोधावे?

आपण विचारले आहे की, आपल्याला लहान मुलांसाठी गोष्टी लिहायच्या आहेत, घरात पाच वर्षांचा मुलगा आणि सासूबाई आहेत, पण नोकरी, शाळा आणि डबे यांपलीकडे काहीच घडत नाही. मग घरातून गोष्ट सुचावी कशी? मी गेली बारा वर्षे मुलांसाठी लिहिते आहे. माझा अनुभव असा की, घरात काय घडले हे टिपण्यापेक्षा मुलाने त्याचा काय अर्थ लावला, याकडे कान द्यावा. मोठ्यांना ठाऊक असलेले कारण मुलाला ठाऊक नसते, म्हणून ते स्वतःचे कारण तयार करते, आणि गोष्टीचे बीज बहुधा तिथेच असते.

गिरगावात आमच्या चाळीत पाणी पहाटे येत असे. धार लागण्याआधी मोरीतला नळ मिनिटभर नुसती हवा सोडायचा, खाकरायचा, दोन-चार गढूळ थेंब टाकायचा. आई पिंपाच्या तोंडाला फडके बांधून, कळशी घेऊन उभी असे. एकदा माझी चार वर्षांची भाची झोपेतून उठून आली, नळापाशी उकिडवी बसली आणि म्हणाली, "आत्या, पाण्याला धाप लागलीय. लांबून चालत आलंय का?" तिचे म्हणणे तसे खरेच होते. मुंबईला पाणी पुरवणारा तानसा तलाव शहापूर तालुक्यात आहे, त्याचे धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले, आणि तिथले पाणी मोठ्या जलवाहिन्यांतून, बहुतांशी उताराच्या जोरावर, शहरापर्यंत येते.

मी उत्साहाने गोष्ट लिहिली. तिच्यात एक शहाणा थेंब चाळीतल्या सगळ्यांना पाणी जपून वापरायला सांगत होता. चार ओळी ऐकून भाचीने विचारले, "पण त्याची आई तलावातच राहिली का?" तेव्हा माझ्या लक्षात आले की, त्या महिन्यांत तिची स्वतःची आई नोकरीसाठी नागपूरला होती, आणि तिला पाणीबचतीशी काहीही देणेघेणे नव्हते. मी ती गोष्ट टाकून दिली. नव्या गोष्टीत थेंबाला आईकडे निरोप धाडायचा होता, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या चहाच्या आधणातून वाफ होऊन तो स्वतःच निघाला. ही गोष्ट तिने रोज रात्री, आई परत येईपर्यंत, सांगायला लावली.

स्वीडनच्या बालसाहित्यिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या बाबतीत असेच घडले होते. १९४१ मध्ये त्यांची आजारी मुलगी अंथरुणात पडून होती आणि तिने 'पिप्पी लाँगस्टॉकिंग'ची गोष्ट मागितली; ते लांबलचक विचित्र नाव मुलीनेच तिथल्या तिथे रचले होते. आईने नावाला शोभेल अशी विचित्र मुलगी उभी केली. पुढे तीनेक वर्षे ती गोष्ट नुसती तोंडी चालली. १९४४ मध्ये बर्फावरून घसरून पाय मुरगळल्याने त्यांना पडून राहावे लागले, तेव्हा त्यांनी ती कागदावर उतरवली, आणि १९४५ मध्ये पुस्तक निघाले. मला यात सर्वांत मोलाची वाटतात ती मधली वर्षे. म्हणून आपणही लिहिण्याची घाई करू नका, आधी सांगा. मूल कुठे मध्येच बोलते, कुठे कूस बदलते आणि कोणता भाग पुन्हा मागते, हे अंधारातही कळते, आणि तेवढे संपादन कुठलाही संपादक करून देणार नाही.

सासूबाईंना मात्र "तुमच्या लहानपणीची गोष्ट सांगा" असे म्हणू नका, कारण मग त्या नातवाला उपदेश करतील. लहानपणी कोणत्या वस्तूला हात लावायची मनाई होती, किंवा कशाची भीती वाटत असे, एवढेच विचारा. माझ्या आईने असेच एकदा माळ्यावरच्या कुलूपबंद ट्रंकेबद्दल सांगितले, आणि तिच्यावरून मी तीन गोष्टी लिहिल्या.

एक काळजी घ्यावी, असे मला मनापासून वाटते. ज्या मुलाचे बोलणे आपण उचलतो, त्याला ते छापण्याआधी वाचून दाखवावे आणि नाव बदलावे. भाची आठ वर्षांची झाल्यावर मी तिला थेंबाची गोष्ट पुन्हा वाचून दाखवली. तिने एकच वाक्य काढायला सांगितले, ज्यात मुलगी रात्री उशीत तोंड खुपसून रडते. गोष्टीतले ते सर्वांत चांगले वाक्य होते. मी ते काढले.