वाचकांचे प्रश्न : व्यवसायातले फोन, रेकॉर्डिंग आणि कायदा

ग्राहकांशी होणारे फोनवरचे बोलणे रेकॉर्ड करणाऱ्या व्यावसायिकांची बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतील निवडक प्रश्न थोडक्यात देऊन उत्तरे दिली आहेत. हाती प्रत्यक्ष नोटीस किंवा दावा आला असेल, तर ती कागदपत्रे त्या त्या देशातील वकिलालाच दाखवावीत. सदरातील उत्तर त्याची जागा घेऊ शकत नाही.

प्रश्न : आमची कंपनी यंत्रांची विक्रीपश्चात सेवा देते. ग्राहक अमेरिका, युरोप आणि भारत या तिन्ही ठिकाणी आहेत. फोन लागताच ‘गुणवत्ता आणि प्रशिक्षणासाठी हा कॉल रेकॉर्ड केला जाऊ शकतो’ हे वाक्य ऐकवले जाते. बोलणाऱ्यांपैकी एकाला रेकॉर्डिंग मान्य असले की पुरते, असे सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याचे म्हणणे आहे. ते बरोबर आहे का?

उत्तर : एका कायद्यापुरते ते बरोबर आहे, तुमचे ग्राहक मात्र त्या एका कायद्याच्या हद्दीत राहत नाहीत. अमेरिकेचा १९६८ सालचा आणि १९८६ साली विस्तारलेला केंद्रीय कायदा संभाषणातील एकाच व्यक्तीची संमती पुरेशी मानतो, आणि ती व्यक्ती तुमचा कर्मचारीही असू शकते; रेकॉर्डिंगमागे गुन्ह्याचा किंवा दुसऱ्याच्या हक्कांना बाधा आणणाऱ्या अपकृत्याचा हेतू नसावा, एवढीच त्याची अट आहे. पण राज्यांना याहून कडक नियम करण्याची मुभा आहे आणि कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन, मेरीलँड अशा राज्यांनी ती वापरली आहे. तेथे खासगी संभाषणासाठी बोलणाऱ्या सर्वांची संमती लागते. कॅलिफोर्नियात ती नसेल तर खटला होऊ शकतोच, शिवाय ग्राहक प्रत्येक उल्लंघनामागे ५,००० डॉलर किंवा प्रत्यक्ष नुकसानीच्या तिप्पट रक्कम, यांपैकी जी जास्त असेल ती मागू शकतो.

‘आमचे कार्यालय तेथे नाही’ हा बचाव किती टिकतो, हे २००६ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या कर्नी विरुद्ध सॅलोमन स्मिथ बार्नी या प्रकरणातून दिसते. शेअर-दलालीच्या या कंपनीची जॉर्जिया या अमेरिकी राज्यातील शाखा कॅलिफोर्नियातील ग्राहकांचे फोन त्यांना न सांगता रेकॉर्ड करत होती, आणि जॉर्जियात एकाचीच संमती पुरते. न्यायालयाने कॅलिफोर्नियाचा नियम लागू केला. आधी होऊन गेलेल्या कॉलबद्दल नुकसानभरपाई दिली नाही, परंतु पुढे सर्वांना हाच नियम लागू राहील, हे स्पष्ट केले. निकालातील एक युक्तिवाद प्रत्येक व्यावसायिकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे : ग्राहकाला आधी सांगून रेकॉर्डिंग केल्याने जॉर्जियाचा कोणताही नियम मोडत नाही, उलट न सांगितल्यास कॅलिफोर्नियाचा मोडतो. कडक नियम पाळणाऱ्याचे सौम्य नियमाच्या प्रदेशात काहीच बिघडत नाही. त्यातच मोबाइल क्रमांकावरून ग्राहक या क्षणी कोणत्या राज्यात आहे हे कळत नाही, त्यामुळे प्रदेशानुसार वेगवेगळे वाक्य ऐकवण्याची हुशारी मी तरी करणार नाही.

युरोपात तुमचे वाक्य अपुरे पडते, आणि त्याचे कारण वेगळे आहे. २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या नियमावलीनुसार ग्राहकाचा आवाज आणि त्याने सांगितलेली माहिती हा वैयक्तिक डेटा ठरतो, आणि तो साठवण्यासाठी नियमावलीत दिलेल्या सहा आधारांपैकी एक तरी लागतो. संमती हा त्यांतील केवळ एक आधार आहे. करार पूर्ण करणे, कायद्याने लादलेले कर्तव्य, व्यवसायाचे रास्त हित हेही आधार होऊ शकतात, मात्र कोणत्या कॉलसाठी कोणता आधार घेतला, हे आधी ठरवून लिहून ठेवावे लागते. संमतीवरच विसंबायचे असेल तर ती ग्राहकाने स्पष्ट कृतीने द्यायला हवी. सूचना ऐकून त्याने फोन ठेवला नाही, म्हणजे संमती दिली, असे तेथे धरता येत नाही. ‘रेकॉर्डिंगला संमती असल्यास १ दाबा, नसल्यास २ दाबा’ अशी खरी निवड द्यावी लागते आणि २ दाबणाऱ्यालाही सेवा मिळावी लागते. प्रशिक्षणासाठी होणाऱ्या अशाच रेकॉर्डिंगमध्ये संमती घेतली नाही म्हणून डेन्मार्कच्या डेटा नियामकाने २०१९ साली एका दूरसंचार कंपनीविरुद्ध निर्णय दिला होता. जर्मनीत तर खासगीत बोललेले शब्द अधिकार नसताना रेकॉर्ड करणे हा दंडसंहितेच्या कलम २०१ खाली गुन्हा आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो.

भारतात खासगी व्यवसायांच्या कॉल-रेकॉर्डिंगसाठी स्वतंत्र कायदा नाही, म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने ती निश्चिंती संपत आली आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून व्यवसायांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. संमती घेताना हेतू सोप्या भाषेत सांगावा लागेल, ती सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांमध्ये वाचण्याची सोय ठेवावी लागेल, आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागेही घेता आली पाहिजे. डेटाच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

आता त्या वाक्याबद्दल. ‘केला जाऊ शकतो’ हे शब्द मला मुळीच आवडत नाहीत. सर्व कॉल रेकॉर्ड होत असतील तर ‘रेकॉर्ड होत आहे’ असे सांगावे. हेतूही खरा सांगावा : वादाच्या वेळी पुरावा म्हणून हे रेकॉर्डिंग तुम्ही काढणार असाल, तर केवळ ‘गुणवत्ता आणि प्रशिक्षण’ म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे, आणि सांगितलेल्या हेतूबाहेर रेकॉर्डिंग वापरले की संमतीचा आधारही डळमळतो.

प्रश्न : आमचे प्रतिनिधी स्वतःहून ग्राहकांना फोन करतात. अशा वेळी काय करावे? आणि ग्राहकाने ‘रेकॉर्ड करू नका’ असे सांगितले तर?

उत्तर : बहुतेक ठिकाणी गफलत होते ती याच कॉलमध्ये. येणाऱ्या फोनवर आधी ध्वनिमुद्रित सूचना वाजते, जाणाऱ्या फोनवर मात्र ती वाजत नाही, आणि प्रतिनिधीला ती बोलून दाखवण्याचे शिक्षण कोणी दिलेले नसते. नाव आणि कंपनी सांगितल्यावर लगेच, कामाचे बोलणे सुरू होण्यापूर्वी, रेकॉर्डिंगचा उल्लेख झाला पाहिजे. रेकॉर्डिंगची यंत्रणा फोन लागताक्षणी सुरू होत असेल, तर पुरवठादाराकडून तीही बदलून घ्यावी. मध्येच वरिष्ठ किंवा तंत्रज्ञ जोडला गेला, अथवा ग्राहकाने घरातील दुसऱ्या कोणाच्या हाती फोन दिला, तर नव्या व्यक्तीला पुन्हा सांगावे. पहिल्याने दिलेली संमती दुसऱ्याच्या वतीने दिलेली नसते.

ग्राहकाने नकार दिला तर रेकॉर्डिंग थांबवावे आणि थांबवले असे त्याला सांगावे. त्यासाठी प्रतिनिधीच्या पडद्यावर तसे बटण असले पाहिजे. अनेक यंत्रणांत ते नसते, आणि मग प्रतिनिधी ‘हो, बंद केले’ असे खोटेच सांगून मोकळा होतो. बटण नसेल तर ईमेल किंवा रेकॉर्ड न होणारी दुसरी लाइन असा पर्याय द्यावा. जेथे रेकॉर्डिंग कायद्यानेच सक्तीचे आहे तेथे हा पर्याय नसतो. युरोपीय संघात गुंतवणूक कंपन्यांना ग्राहकांच्या व्यवहारविषयक आदेशांचे फोन ३ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या मिफिड २ या नियमांनुसार रेकॉर्ड करावेच लागतात. तेथे नकार देणाऱ्याला ‘मग हा आदेश फोनवर घेता येणार नाही’ असे स्पष्ट सांगणे एवढेच हाती राहते.

प्रश्न : ग्राहक फोनवर कार्डचा क्रमांक आणि मागचे तीन आकडे सांगतात. तेही रेकॉर्ड होते. चालेल का?

उत्तर : नाही. पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षा मानकानुसार ते तीन आकडे व्यवहार मंजूर झाल्यावर कोणत्याही स्वरूपात साठवता येत नाहीत. फाइल कूटबद्ध केली तरीही नाही. हे मानक म्हणजे कायदा नव्हे, पण बँकेशी केलेल्या करारातून ते बंधनकारक होते. प्रतिनिधीने आठवणीने रेकॉर्डिंग थांबवण्यावर विसंबू नये, कारण घाईच्या वेळी तो विसरतोच. ग्राहकाने आकडे फोनच्या कळांवर दाबावेत आणि त्यांचे स्वर रेकॉर्डिंगमध्ये झाकले जावेत, अशी सोय करून घ्यावी.

प्रश्न : रेकॉर्डिंग किती काळ ठेवावे? एका ग्राहकाने स्वतःच्या सर्व कॉलची प्रत मागितली आहे.

उत्तर : सर्वांना लागू होईल असा एक आकडा नाही. जीडीपीआरचा दंडक एवढाच आहे की, ज्या हेतूसाठी माहिती घेतली त्याला लागेल तितकाच काळ ती ठेवावी. प्रशिक्षणासाठी घेतलेले कॉल काही आठवड्यांत निरुपयोगी होतात. कराराच्या पुराव्यासाठी घेतलेले कॉल दावा करण्याची मुदत संपेपर्यंत लागू शकतात. वर सांगितलेल्या मिफिडखालील रेकॉर्डिंग ५ वर्षे, आणि नियामकाने मागितल्यास ७ वर्षे ठेवावे लागते. म्हणून एकच मुदत न ठरवता हेतूनुसार वेगवेगळी ठरवावी आणि मुदत संपताच फाइल आपोआप पुसली जाईल असे पाहावे, पुरवठादाराच्या सर्व्हरवरील आणि बॅकअपमधील प्रतींसह. मात्र वाद उभा राहण्याची चिन्हे दिसली की संबंधित फाइलींचे पुसणे तत्काळ थांबवावे, अन्यथा पुरावा नष्ट केल्याचा ठपका येतो. ‘जागा स्वस्त आहे, राहू द्या’ हा विचार महागात पडतो, कारण जी फाइल तुमच्याकडे नाही ती चोरीला जात नाही आणि कोणी मागितली तर शोधावीही लागत नाही.

प्रत मागणारा ग्राहक युरोपातील असेल तर त्याला साधारणपणे एक महिन्यात ती द्यावी लागते. मागणी गुंतागुंतीची असल्यास ही मुदत आणखी दोन महिने वाढवता येते, पण तसे पहिल्या महिन्यातच कळवावे लागते. रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या ग्राहकाची माहिती उच्चारली गेली असेल तर तेवढा भाग झाकूनच प्रत द्यावी.

प्रश्न : कार्यालयाच्या फोनवर कर्मचारी खासगी बोलतात. फोन कंपनीचा असल्याने ते रेकॉर्ड करण्याचा अधिकार आम्हाला आहे ना?

उत्तर : फोन तुमचा असला तरी बोलणे कर्मचाऱ्याचे आहे. ब्रिटनमधील एका वरिष्ठ महिला पोलीस अधिकाऱ्याचे कार्यालयीन फोन तिच्याच दलाने चोरून ऐकले होते. १९९७ साली हॅलफर्ड विरुद्ध युनायटेड किंगडम या खटल्यात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने कार्यालयातील फोनवरही खासगीपणाचा हक्क असतो असे ठरवले. तिला आधी कोणतीही पूर्वसूचना दिलेली नव्हती, ही बाब त्यात निर्णायक ठरली. अमेरिकेतही १९८३ सालच्या एका अपिलात न्यायालयाने म्हटले की, कॉल खासगी आहे हे कळेपर्यंतच मालकाला तो ऐकता येतो, त्यापुढे नाही. कोणत्या लाइन रेकॉर्ड होतात, का होतात आणि कोण ऐकते, हे नेमणुकीच्या वेळीच लेखी द्यावे आणि खासगी फोनसाठी रेकॉर्ड न होणारी एखादी लाइन ठेवावी.

प्रश्न : एका ग्राहकाने आम्हाला न सांगता आमचे बोलणे रेकॉर्ड केले आणि ते भारतातील न्यायालयात देण्याची धमकी दिली आहे. ते पुरावा ठरेल का?

उत्तर : ठरू शकते. आर. एम. मलकाणी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७२ च्या निकालात, बोलणाऱ्यांपैकी एकाच्या संमतीने केलेले रेकॉर्डिंग सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य मानले. मात्र आवाजाची ओळख पटली पाहिजे, मजकूर वादाशी संबंधित असला पाहिजे आणि फेरफाराची शक्यता दूर झाली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत विहित प्रमाणपत्र लागते. त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेला सांकेतिक आकडा, नमूद करावे लागते, आणि फाइलमध्ये नंतर किंचितही बदल झाला तर ते मूल्य जुळत नाही. तुमच्या कंपनीकडे त्याच कॉलचे संपूर्ण रेकॉर्डिंग असेल तर ते आजच वेगळे काढून मूळ स्वरूपात सुरक्षित ठेवावे, त्याचे हॅश मूल्य नोंदवून घ्यावे आणि ग्राहकाच्या धमकीला लेखी उत्तर देण्यापूर्वी दोन्ही ध्वनिफिती वकिलाला ऐकवाव्यात.