ग्राफ म्हणजे दर वेळी आलेख नव्हे

प्रश्न आला आहे: ‘ब्राउझरमध्ये ग्राफव्हिझचा (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांचं चित्र आपोआप काढणारा प्रोग्रॅम) ग्राफ काढून देणारा, कुठल्याही पानावर पुन्हा वापरता येणारा वेब कंपोनंट आम्ही बनवतोय. मराठी माहितीत त्याला “आलेख घटक” म्हटलं तर चालेल का?’

नाही चालणार. ‘घटक’ ठीक आहे, त्यावर वेळ घालवत नाही. वांधा ‘आलेख’चा आहे. ग्राफ दिसला रे दिसला की लोक आलेख लिहून मोकळे होतात! आलेख म्हणजे शाळेतला आलेख कागद, क्ष-अक्ष, य-अक्ष, प्रमाण. झालंच तर स्तंभालेख, वृत्तालेख. तुमच्या कंपोनंटला यातलं काय लागतं? ग्राफव्हिझला सूचना द्यायच्या डॉट भाषेत ‘पुणे -- सातारा’ आणि ‘सातारा -- कराड’ एवढंच लिहायचं. बिंदू तीन, रेघा दोन. कोण कुठे बसणार ते प्रोग्रॅम ठरवतो. कराड वर गेलं काय नि खाली आलं काय, ग्राफ तोच. आलेखातला बिंदू जरा सरकवून बघा, गुण जातील.

आता खरी गंमत. या अर्थाचा ‘ग्राफ’ गणितात आला तो रसायनशास्त्रातून. गणितज्ञ ऑयलरने कोनिग्जबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का?) १७३६ सालच्या आसपास सोडवलं, तेव्हा हा शब्द नव्हताच. तो आणला गणितज्ञ जे. जे. सिल्व्हेस्टरने, १८७८ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात. तेव्हाचे रसायनवाले अणू अक्षरांनी आणि त्यांच्यातले बंध रेघांनी दाखवत. त्या पद्धतीचं नाव ग्राफिक नोटेशन. सिल्व्हेस्टरने शेपूट छाटलं, उरला ग्राफ. म्हणजे पाण्याच्या रेणूतले हायड्रोजन-ऑक्सिजन-हायड्रोजन आणि आपले पुणे-सातारा-कराड एकाच घराण्यातले. म्हणून माझा शब्द ‘बंधचित्र’. मूळ इतकं चोख सापडल्यावर दुसरीकडे कशाला जायचं?

यावर कोशपंथीयांचं ठरलेलं उत्तर: ग्रीक ‘ग्राफेन’ म्हणजे ओरखडणं, संस्कृत ‘लिख्’ही मुळात ओरखडणंच, तेव्हा आलेख हाच सख्खा प्रतिशब्द. व्युत्पत्ती बरोबर, निष्कर्ष उफराटा. ‘रिख्’ हे ‘लिख्’चंच रूप, त्यातून रेखा, रेखेतून आपली रेघ. मग रेघेलाही ग्राफ म्हणणार का? आणि चौसष्ट कलांतलं ‘आलेख्य’ म्हणजे तर चक्क चित्रकला! धातू एक म्हणून अर्थ एक, हा न्याय कुठला?

‘जाळं’ सुचवणारेही भेटतात. एकही रेघ नसलेला सुटा बिंदूसुद्धा गणितात ग्राफच असतो. त्यात मासा अडकवून दाखवा. (सुट्या बिंदूत बंध तरी कुठे, असं विचारू नका. चित्र आहे ना!)

हो, तुमचा कंपोनंट. ‘बंधचित्र घटक’ म्हणा. तो पानावर आणणाऱ्या, तुम्ही स्वतः बनवलेल्या एचटीएमएल टॅगच्या नावात मात्र हायफन सक्तीचा असतो आणि पहिलं अक्षर लहान रोमनच लागतं, त्यामुळे ‘बंध-चित्र’ हायफनसकट लिहिलं तरी ब्राउझर ते टॅग म्हणून घेणार नाही.