लेस्टरमधलं घर भाड्याने देताना सगळी दारं फायर डोअर (आग थोपवणारी दारं) करावी लागतात का?

घर एकाच कुटुंबाला देणार असाल आणि ते साधं दुमजली असेल, तर सहसा नाही. इंग्लंडमध्ये तिथे सक्ती आहे ती प्रत्येक मजल्यावर स्मोक अलार्मची, आणि गॅस बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइड अलार्मची (हा नियम १ ऑक्टोबर २०२२ पासून).

पण खोल्या वेगवेगळ्या विद्यार्थ्यांना देणार असाल तर गोष्ट वेगळी. तीन किंवा जास्त माणसं, एकाच कुटुंबातली नाहीत आणि किचन-बाथरूम सामाईक, म्हणजे ते घर 'एचएमओ' (हाउस इन मल्टिपल ऑक्युपेशन) झालं. पाच जण झाले की लायसन्स हवंच. लायसन्सच्या अटींत बहुतेक वेळा किचन आणि बेडरूमला एफडी-३० दारं येतात, म्हणजे अर्धा तास आग थोपवणारी. कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, आधीच विचारा; प्रत्येक कौन्सिलच्या अटी थोड्या निराळ्या.

नुसतं जड दार आणून भागत नाही. तीन बिजागऱ्या, आपोआप बंद करणारा क्लोजर, आणि कडेला आगीत फुगणारी व धूर अडवणारी पट्टी लागते. दार-चौकटीतली फट साधारण ३ मिमी. एक पौंडाचं नाणं जवळपास तेवढंच जाड असतं, ते सैल आत-बाहेर होत असेल तर सुताराला परत बोलवा. कुलूप आतून किल्लीशिवाय उघडणारं हवं.

आमच्याकडे एवढा खर्च करून बसवलेलं किचनचं दार पोरं चप्पल अडकवून उघडं ठेवायची!