पावलोवाची पावलं

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. अ‍ॅना पावलोवा या रशियन बॅले नर्तिकेचा 'मरणारा हंस' हा नाच मोबाइलवर पाहिल्यापासून घरभर चवड्यांवर चालते. आता बॅलेचे, पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचे बूट हवेत म्हणून हटून बसली आहे. नाचाच्या एका क्लासने 'अंगात जीव नाही' म्हणून तिला घेतलं नाही. पावलोवा कशी घडली? बूट द्यावेत का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, बूट आत्ता नकोत. पावलांची हाडं अजून कोवळी आहेत. बॅले शिकवणारे साधारण 11-12 वर्षांपर्यंत थांबतात, तेही काही वर्षांचा पक्का सराव झाल्यावरच. आणि एरवीही ती सतत चवड्यांवरच चालत असेल, तर एकदा अस्थितज्ज्ञांना दाखवा.

अंगात जीव नाही, हे पावलोवाच्याही वाट्याला आलं होतं. 1881 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये जन्मलेली, कपडे धुणाऱ्या बाईची ही अशक्त पोर. शाही नृत्यशाळेने आधी परत पाठवलं. दहाव्या वर्षी, 1891 मध्ये, घेतलं.

मी तीस वर्षं कथक शिकवते, त्यामुळे माझं लक्ष तिच्या पावलांकडेच जातं. कमान फार उंच, घोटे बारीक. टोकावर उभं राहिलं की सगळा भार अंगठ्यावर. तिने बुटाच्या तळाला कडक चामडं लावलं, टोक चपटं करून घेतलं. तेव्हा लोक याला लबाडी म्हणाले. आजचे बूट त्याच वाटेने आलेत. माझे तळवे सपाट. पंचवटीतल्या आमच्या वाड्यात शहाबादी फरशीवर तत्कार, म्हणजे कथकची पावलं आपटण्याचा सराव, केला की पोटऱ्या भरून यायच्या. वडिलांनी जुन्या दाराची फळी खाली टाकून दिली, तेव्हा कुठे जमायला लागलं. म्हणून तो चामड्याचा तुकडा मला फार जवळचा वाटतो.

मुलीसोबत तो हंस पुन्हा बघा. नृत्यरचनाकार फोकिनने पावलोवासाठी बसवलेला जेमतेम काही मिनिटांचा नाच. त्यात मोठी उडी नाही. पाण्यावरून सरकावं तशी बारीक, सलग पावलं आणि खांद्यापासून हलणारे हात. ते हात तुमच्या मुलीला आजपासून शिकता येतील, अनवाणी.

पावलोवाने 1923 मध्ये लंडनला भारतीय नर्तक उदय शंकरांबरोबर राधा-कृष्णाचं नृत्य केलं. पुढे भरतनाट्यमसाठी ओळखल्या गेलेल्या रुक्मिणीदेवी अरुंडेल तिच्याकडे बॅलेच्या ओढीने गेल्या, तर तिने त्यांना आपल्याच देशाचं नृत्य शोधायला सांगितलं. 1931 मध्ये नेदरलँड्समधल्या हेगला पावलोवाचं निधन झालं, पन्नाशीला तीन आठवडे उरले असताना.

दुसरा क्लास बघताना आधी तिथली जमीन बघा. लाकडी असेल तर उत्तम. नुसत्या फरशीवर रोज उड्या मारून घेत असतील, तर तिथे घालू नका.