'महसुली खर्च' म्हणजे नेमका कसला खर्च?

विचारणा अशी आहे: 'महसूल म्हणजे येणारा पैसा. मग "महसुली खर्च" हा काय प्रकार? आणि दुरुस्तीच्या बिलाला सीए कधी महसुली म्हणतात, कधी भांडवली. हा नुसता शब्दांचा खेळ नाही का?'

महसूल मूळचा अरबी, 'हासिल'च्या कुळातला. हाती आलेलं उत्पन्न. घोळ करतो तो शेवटचा 'ई'. 'महसुली खर्च' म्हणजे त्या-त्या वर्षाच्या उत्पन्नातून वळता करायचा खर्च: पगार, भाडं, वीजबिल. 'भांडवली खर्च' म्हणजे मात्र भांडवलातून केलेला नव्हे, तर पुढे अनेक वर्षं उपयोगी पडेल अशा मालमत्तेवर केलेला. प्रत्यय एकच, काम दोन जागी वेगळं. (महसूल खात्याचा, म्हणजे तलाठी-तहसीलदारांचा इथे काही संबंध नाही!)

आता खेळाबद्दल. समजा, एका कारखान्याचा इतर सगळे खर्च वजा जाता नफा २५ लाख आहे आणि १० लाखांचं एक बिल नोंदवायचं राहिलंय. महसुली धरलं तर नफा १५ लाख. भांडवली धरून दहा वर्षांत सारखा घसारा (मालमत्तेच्या झिजेपोटी दरसाल खर्ची टाकायचा हिस्सा) काढला तर यंदा फक्त १ लाख खर्ची पडतो आणि नफा दिसतो २४ लाख. उरलेले ९ लाख ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतात. गल्ल्यातून गेले ते १० लाखच. बिल खरोखर महसुली असेल, तर नफा आणि मालमत्ता दोन्ही फुगले, आणि पुढची नऊ वर्षं दरसाल १ लाखाचा घसारा नाहक सोसायचा.

अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या दूरध्वनी कंपनीने हेच केलं. दुसऱ्या दूरध्वनी कंपन्यांच्या तारा वापरण्यापोटी द्यायचं शुल्क, म्हणजे निव्वळ चालू खर्च, त्यांनी मालमत्तेच्या खात्यांत सरकवला. सिंथिया कूपर यांच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागाने तो माग काढला, आणि जून २००२ मध्ये कंपनीने सुमारे ३८० कोटी डॉलर असे चुकीच्या जागी नोंदल्याचं जाहीर केलं. २००१ सालचा १४० कोटी डॉलरचा 'नफा' मुळात तोटा होता. पुढच्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. ना खोटी बिलं, ना खोटी विक्री. या रकमेपुरतं तरी फक्त विशेषण बदललं होतं.

आपल्याकडे कारखानदाराचा मोह बहुधा उलटा असतो. भांडवली खर्च महसुली दाखवला की नफा घटतो, कर वाचतो. म्हणून १९६१च्या आयकर कायद्याच्या कलम ३७ने भांडवली खर्च वजावटीतून वगळला आणि कलम ३१ने यंत्रांच्या बाबतीत 'चालू दुरुस्ती'लाच सूट दिली. या 'चालू'वरून भांडणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. सूतगिरणीत जुनी रिंग फ्रेम (सूत कातायचं यंत्र) काढून नवी बसवली, तर गिरणी म्हणणार की अख्ख्या गिरणीच्या मानाने ही दुरुस्तीच. २००७ साली न्यायालयाने ते मानलं नाही: रिंग फ्रेम हे स्वतंत्र यंत्र, ते बदलणं म्हणजे चालू दुरुस्ती नव्हे.

तेव्हा तुमच्या बिलावर 'दुरुस्ती' लिहिलंय यावरून काही ठरत नाही. बेअरिंग बदललं, तेल घातलं, तर महसुली. त्याच बिलात नवी मोटर बसवून यंत्राची क्षमता वाढवली असेल, तर तेवढा भाग भांडवली.